प्रकरण चौदावे : दादा कायमचे निघाले

टेम्पो नऊचा सांगितला होता. तो पावणेनऊलाच फाटकाशी येऊन उभा राहिला आणि दादांची पंचाईत झाली. अडतीस वर्षं ते कारखान्याच्या भोंग्याआधी पाच मिनिटं दारात हजर असायचे, पण दुसरं कुणी आपल्याआधी हजर झालं तर काय करायचं याचा त्यांना सराव नव्हता. ते बनियनवरच दोन जिने उतरून खाली गेले.

"लवकर आलात," ते टेम्पोवाल्याला म्हणाले.

"जाऊ का परत?"

"नको. आता आलात तर थांबा."

टेम्पोवाला थांबला. थांबणं त्याला छान जमत होतं. सामान चढवणं आपल्या कामात येत नाही हे त्याने फोनवर तीनदा सांगून ठेवलं होतं, त्यामुळे पुढच्या सीटवर पाय वर घेऊन तो आरामात बसला. दादा एकटेच वर-खाली करू लागले. साडेनऊपर्यंत त्यांच्या अकरा फेऱ्या झाल्या. खुर्च्या, पिंप, भांड्यांची दोन पोती, गाद्या आणि वहिनींचं लोखंडी कपाट, तेही शेजारच्या दोघांना हाताशी धरून, खाली गेलं. मग घामाघूम होऊन ते आंघोळीला गेले.

दोन महिन्यांपूर्वी दादा निवृत्त झाले. आयुष्यभर लेथवर उभं राहिलेला हा टर्नर, केसाएवढी चूक झाली तरी अख्खा नग भंगारात टाकणारा. घरी बसल्याच्या तिसऱ्या दिवशी त्याने जाहीर केलं, "आपण गावी जाऊ. कायमचे." वहिनी काहीच बोलल्या नाहीत. या घराण्यात बायकांचं न बोलणं तीन पिढ्यांपासून होकारात धरलं जातं, ते दादांनीही धरलं आणि टेम्पोच्या मागे लागले.

मुलाला फोन केला तर तो तिसऱ्याच एका शहरातून म्हणाला, "बाबा, तुम्हाला आवडेल तसं करा." म्हणजे मीटिंगमध्ये होता.

आता या दोन खोल्या सोडायच्या म्हणजे नुसत्या खोल्या सोडायच्या नव्हत्या. मधल्या बोळकांडीत एक खाट होती आणि त्या खाटेचा कायदा होता. गावाहून येईल त्याला दादांकडे सहा महिने. खायचं, झोपायचं, तेवढ्यात काम आणि खोली शोधायची आणि पुढच्याला जागा करून द्यायची. अडतीस वर्षांत तेवीस जण त्या खाटेवरून उठून शहरभर पसरले. त्यात प्लंबर होते, ड्रायव्हर होते, एक बँकेत कॅशियर झाला. एक मात्र चौदा महिने हलला नाही, पण त्याच्यावर या पुस्तकाची सत्तावीस पानं आधीच खर्ची पडली आहेत, आता पुन्हा नको. शेवटचा गेला त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून खाटेवर रद्दी होती.

*

वहिनी खिडकीशी स्टुलावर बसल्या होत्या. घरात बसायला तेवढंच उरलं होतं. मांडीवर फडकं, फडक्यावर शेजारणीच्या सासऱ्यांचा चष्मा, हातात बारीक पेचकस. दांडीचा स्क्रू पडला होता, त्या नवा बसवत होत्या.

दोन गल्ल्या पलीकडे चष्म्याचं दुकान होतं. वहिनी तिथे अकरा वर्षं काचा बसवत होत्या. शेचाळिसाव्या वर्षी झाडलोट करायला म्हणून गेल्या, आणि एकदा कारागीर आला नाही म्हणून फ्रेममध्ये काच बसवून दाखवली. काच घासायच्या मशीनवर त्यांचा हात असा बसला, की मालक आता अवघड नंबराचे चष्मे दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे. त्याचं दुसरं दुकान स्टेशनरोडला उघडणार होतं. मागचं अख्खं वर्कशॉप वहिनींनी सांभाळावं, हाताखाली तीन माणसं असतील, असं त्याने परवा विचारलं. रविवार दुपारपर्यंत सांगा, नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल, असंही म्हणाला.

आज रविवार. साडेनऊ वाजून गेलेले. आणि आपलं कपाट टेम्पोत.

मालकाला काय सांगायचं हे वहिनींना परवाच माहीत होतं. नवऱ्याला कसं सांगायचं हे कळत नव्हतं. दोन महिने रोज सकाळी त्या ठरवत की आज बोलायचं, आणि रोज सकाळी दादा विचारत, "तुझ्या भांड्यांना दोन पोती पुरतील की तीन?" त्या म्हणत, "दोन." तेवढ्यात साडेनऊ होत. घरातून निघून दुकानात पोचलं की त्यांना हलकं वाटे, आणि असं हलकं वाटतं म्हणून दिवसभर वाईटही वाटे.

स्वयंपाकघरात ताई चहा करत होत्या. या दादांच्या थोरल्या बहीण, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या, निरोप द्यायला सकाळीच आलेल्या. त्यांनी तीस वर्षं इस्पितळात नर्सचं काम केलं. वॉर्डबाहेर ताटकळणाऱ्या नातेवाइकांना "काळजीचं कारण नाही" हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं होतं, की आता घरातही त्या दुसरं काही सांगत नसत. आणि घरातले सगळे निरोप त्यांच्यामार्फतच जात. दादा आणि गावचा धाकटा भाऊ यांचं फार पूर्वी विहिरीवरून वाजलं होतं. भांडण मिटलं, समोरासमोर दोघं छान बोलत, पण एकमेकांना फोन करायची सवय मोडली ती मोडलीच. हा ताईंना सांगे, तो ताईंना सांगे, आणि मधल्या मधे ताई त्यात साखर घालत.

"वहिनी, चहा घेतेस ना?" ताईंनी आतून विचारलं. "आणि मन घट्ट कर. काळजीचं काही कारण नाही."

*

गावचा हा धाकटा भाऊ, बारक्या, चोपन्न वर्षांचा होता, पण घराण्याने त्याला दुसरं नाव कधी दिलं नाही. तो बसमधून उतरून लेकीला घेऊन फाटकाशी आला. लेक रसायनशास्त्र शिकलेली, शहराच्या पाणी तपासायच्या लॅबमध्ये तिला नोकरी लागली होती, आणि उद्या हजर व्हायचं होतं. तिची एक सुटकेस, एक सॅक आणि बारक्याच्या हातात आईने दिलेल्या चार पिशव्या.

फाटकाशी टेम्पो. टेम्पोत गाद्या, खुर्च्या, कपाट.

बारक्याला भरून आलं. "बघ," तो लेकीला म्हणाला, "तू येणार म्हणून दादाने नवं सामान घेतलंय."

"बाबा, कपाट गंजलंय."

"जुन्या बाजारातून घेतलं असेल. घेतलंय ना. धर ते टोक."

"बाबा, मला आधी तुम्हाला एक सांगायचंय."

"वर जाऊन सांग."

बारक्याला कुणी काम सांगावं लागत नसे, हा त्याचा गुणही होता आणि दोषही. त्याने टेम्पोवाल्याला उठवलंसुद्धा, आणि नवल म्हणजे टेम्पोवाला उठला, कारण सामान उतरवायचं नाही असं फोनवर तो काही बोलला नव्हता. तिघांनी मिळून वीस मिनिटांत खुर्च्या, पिंप आणि भांड्यांची पोती दुसऱ्या मजल्यावर आणून टाकली. वहिनींनी आवाज ऐकला, मान वर केली, पोतं आत येताना पाहिलं आणि एक शब्द न बोलता बसायला जागा बदलली. पोतं आपल्या पायांनी परत येत असेल तर त्याला अडवणारी त्या कोण?

कपाट दारात आडवं अडकलं असताना दादा आंघोळ करून बाहेर आले. कपाट आपलंच आहे ना, हे त्यांनी हात लावून पाहिलं. मग खिडकीशी जाऊन त्यांनी खाली वाकून पाहिलं. टेम्पोत फक्त गाद्या होत्या.

"हे वर कुणी आणलं?"

"मी, दादा," कपाटामागून बारक्याचा आवाज आला. "तू आंघोळ कर निवांत. गाद्या राहिल्यात फक्त."

दादांनी टेम्पोवाल्याकडे पाहिलं. "तुम्ही काही बोलला नाहीत?"

"मला वाटलं तुमच्यात ठरलं असेल," टेम्पोवाला म्हणाला आणि जिना उतरून गेला.

स्वयंपाकघरात ताईंनी बारक्याचा आवाज ओळखला आणि गॅस बंद केला. हे आज होईल असं त्यांना वाटलं नव्हतं. आज रात्रीपर्यंत दादा गावात पोचतील, दोघं भाऊ समोरासमोर भेटतील, थोडं इकडेतिकडे होईल आणि आपण इथे लांब असू, असा त्यांचा हिशेब होता. त्यांनी मागच्या दाराकडे पाहिलं. या घराला मागचं दार नव्हतं.

*

"सामान खाली न्यायचंय," दादा म्हणाले. "मी निघालोय गावी."

"ते माहितीये. ताई म्हणाली," बारक्या कपाटाखालून वाकून आत आला. "पण आठ दिवसांच्या विश्रांतीला कपाट कशाला, दादा? आमच्याकडे आहे कपाट."

"कुठले आठ दिवस? मी कायमचा येतोय."

दोघंही भाऊ एकदमच स्वयंपाकघराच्या दाराकडे वळले. ताई ट्रेमध्ये पाच कप घेऊन बाहेर आल्या होत्या, आणि कुणी कप उचलेना म्हणून ट्रे धरूनच उभ्या राहिल्या.

"मी सांगणार होते," त्या म्हणाल्या.

"कधी?" बारक्याने विचारलं.

"टप्प्याटप्प्याने. आधी आठ दिवस, मग पंधरा. एकदम सगळं सांगितलं की माणूस खचतो. मी तीस वर्षं बघितलंय."

"मी काय पेशंटचा नातेवाईक आहे का?"

"बारक्या, तुझं बीपी आहे."

"आणि मला काय सांगितलंस?" दादांनी विचारलं. "बारक्याला आनंद झालाय, म्हणालीस. घर तुझंच आहे म्हणाला, म्हणालीस."

"तसं म्हणालाच तो. हो ना रे?"

"म्हणालो," बारक्या म्हणाला. "घर त्याचंच आहे, पण त्याच्या दोन खोल्यांत अकरा माणसं राहतात, असं म्हणालो."

दादा खुर्चीवर बसले. खुर्ची वर आली होती हे एक बरं झालं.

अकरा माणसं. बारक्याने जे सांगितलं ते असं: गावाबाहेर बायपास झाला, बायपासवर मोठं गोदाम झालं. गोदामात माल उचलायला, खोकी बांधायला दोन-दोन दिवसांच्या प्रवासावरून पोरं येतात. त्यांना राहायला जागा नाही. दादाच्या खोल्या सहा वर्षं बंद, घुशींनी पोखरलेल्या. म्हणून दिल्या. सहा जण रात्रपाळीला, पाच दिवसपाळीला, त्यामुळे गाद्या सहाच लागतात.

"मला विचारलं नाहीस," दादा म्हणाले.

"ताईला सांगितलं होतं विचारायला."

"तिने मला 'खोल्यांत जरा हालचाल आहे' असं सांगितलं. मला वाटलं, घुशी असतील."

इथवर दोघं भाऊ ताईंच्या विरोधात एक होते. पण ताईंनी ट्रे खाली ठेवला आणि त्या कमरेवर हात ठेवून बारक्याकडे वळल्या. "माझ्यावर ढकलू नकोस. थोरल्या भावाच्या खोल्या भाड्याने देताना तुझे हात कुणी धरले होते? गाडी करून येऊन सांगायचं होतंस."

"खरंय," दादा म्हणाले. आता दादा आणि ताई एकीकडे झाले.

"आणि हा सहा वर्षांत एकदा तरी आला का गावात?" बारक्याने ताईंनाच विचारलं.

"तेही खरंय," ताई म्हणाल्या, आणि दादा एकटे पडले.

एकटे पडल्यावर ते आठवणींवर आले. विहिरीजवळ बसायचं, मोठ्या झाडाखाली, संध्याकाळी चार माणसं येतील, गप्पा होतील. एवढंच तर हवं होतं. खोली कुठलीही चालली असती.

"विहीर झाकली, दादा," बारक्या हळूच म्हणाला. "वर पार्किंग आहे."

"गावात पार्किंग?"

"सिग्नलसुद्धा बसलाय. चालू नाही अजून. पण बसलाय."

"आणि झाड?"

"सिग्नल कुठे बसवणार मग?"

दादांचा चेहरा बघून बारक्याला भावाची दया आली, आणि दया आली की त्याला मार्ग सुचत. "हे बघ, तू चल. अकरा जणांना एकदम काढता येणार नाही, पण तू आणि वहिनी आमच्या पुढच्या खोलीत राहा. सहा महिने राहा, खाणंपिणं आमच्याकडे. तोवर तुमच्यासाठी एखादी खोली बघू, मग तुम्ही तिकडे जा."

त्याने हे अगदी प्रेमाने म्हटलं. आपण कुणाचा कायदा कुणाला लावतोय हे वाक्य संपल्यावर त्याच्या लक्षात आलं, आणि तो ट्रेमधला कप उचलून गार चहा पिऊ लागला. दादांनी तेवीस जणांना हे वाक्य ऐकवलं होतं. ऐकताना कसं वाटतं हे त्यांना आज कळलं.

"आणि हिचं काय?" ताईंनी विषय बदलण्यासाठी पुतणीकडे बोट केलं. "ही खाटेवर येणार होती ना?"

"मी हॉस्टेल घेतलंय, आत्या," पुतणी म्हणाली. "लॅबच्या समोरच. बाबांना हळूहळू सांग असं मी तुलाच सांगितलं होतं."

बारक्याने कप खाली ठेवला. ताई चहा गार झाला म्हणून ट्रे उचलून आत जाऊ लागल्या.

"थांब," दोघं भाऊ म्हणाले.

"थांबते. पण आता भांडत बसू नका, ठरवा," ताई म्हणाल्या. "टेम्पो उभा आहे. दादा, तू बारक्याकडे जा किंवा इथेच राहा. वहिनीचा प्रश्न नाही, ती तू असशील तिथे."

"हो, वहिनींचं काय," बारक्या म्हणाला. "त्या जुळवून घेतात."

"तिचं काहीच म्हणणं नाही," दादा म्हणाले.

"मी येत नाही," वहिनी म्हणाल्या.

*

त्यांनी पेचकस डबीत ठेवला होता, चष्मा फडक्यात गुंडाळला होता आणि त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. आवाज चढलेला नव्हता. दुकानात गिऱ्हाइकाला "ही काच या फ्रेममध्ये बसणार नाही" असं सांगतात, तसंच त्या बोलल्या होत्या.

ताई सवयीने दादांकडे वळल्या. "ती म्हणतेय की थोडे दिवस—"

"ताई," वहिनी म्हणाल्या, "माझं मी सांगते. मी गावी येत नाही. थोडे दिवस नाही आणि मागाहूनही नाही. मला स्टेशनरोडच्या दुकानात वर्कशॉप सांभाळायला बोलावलंय. दुपारपर्यंत सांगायचंय. मी हो म्हणणार आहे."

दादा त्यांच्याकडे बघत राहिले. "मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही मला विचारलं का? पोती दोन लागतील की तीन, एवढंच विचारलंत."

"पण अडतीस वर्षांत तू कधी असं—"

"अडतीस वर्षं मी त्या खाटेवरच्यांना वाढत होते. कोण तिखट खात नाही, कुणाला पहाटेची पाळी, कुणाचा डबा. मी तक्रार नाही करत. पण तुम्ही सगळे इथे कामाला आलात. मी तुमच्याबरोबर आले. कामाला लागले ती अकरा वर्षांपूर्वी. म्हणजे मला या शहरात येऊन अकराच वर्षं झालीत, अहो. एवढ्यात मी कुठे परत जाऊ?"

पुतणी काकूकडे बघत होती. सुट्टीत येई तेव्हा ही काकू तिला फक्त "जेवलीस का" विचारायची. हिला एवढं बोलता येतं हे तिला माहीतच नव्हतं.

मग दादा बहीण, भाऊ, पुतणी सगळे समोर असताना, जे एरवी अंधारातही बोलले नसते ते बोलले. "तू साडेनऊला जातेस. मी पेपर वाचतो. मग परत तोच वाचतो. अकरा वाजता जिन्यात कुणी आलं की मी दार उघडून बघतो, गावाहून कुणी आलं असेल म्हणून. तीन वर्षांत कुणी आलं नाही. तेवीस जणांपैकी फोनही कुणी करत नाही. मला या घरात एकट्याला भीती वाटते."

"म्हणून मला दुकानातून उठवून गावी न्यायचं?"

"तसं नव्हतं मनात."

"मग कसं होतं?"

दादांनी विचार केला. चुकीचा नग ते कधी पुढे ढकलत नसत. "तसंच होतं," ते म्हणाले.

वहिनींना रागही आला आणि रडूही आलं, आणि दोन्हींतलं कुठलं आधी येऊ द्यावं हे ठरेना, तेवढ्यात बारक्याचा फोन वाजला.

बारक्या "हो, हो, कोण, कुठे" असं म्हणत राहिला आणि फोनवर हात ठेवून म्हणाला, "भाडेकरू आहे. नवा आहे, बारावा. आजच उतरलाय बसमधून. बाकीचे पाळीवर किंवा झोपलेत, कुणी फोन उचलत नाही. घर सापडत नाहीये त्याला."

"बारावा?" ताई म्हणाल्या.

"इकडे आण," दादा म्हणाले आणि त्यांनी फोन घेतला. "हॅलो. आधी हलू नकोस. आहेस तिथेच उभा राहा. हां. समोर काय दिसतंय?"

पलीकडचा मोडकंतोडकं बोलत होता. दादांना ते सगळं समजत होतं. पहिल्या आठवड्यात हरवलेल्या माणसाचं बोलणं त्यांना नेहमीच समजत असे.

"सिग्नल दिसतोय म्हणतो," त्यांनी बारक्याला सांगितलं.

"बंद?"

"बंद."

"मग बरोबर आलाय. उजवीकडे."

"उजवीकडे वळ. विहीर लागेल. नाही, विहीर नाही, पार्किंग लागेल. पाणी प्यायलास का? नाही? पार्किंगशेजारी काय आहे रे, बारक्या?"

"झेरॉक्सवाला."

"झेरॉक्सवाल्याकडे पाणी माग. लाजू नकोस. माग, पी, आणि मग मला सांग. सॅक पुढे घे, पाठीवर नको. पत्ता लिहिलेला कागद आहे का? नाही ना. कुणाकडेच नसतो."

सहा-सात मिनिटं हे चाललं. दादा बोलता बोलता उभे राहिले, खिडकीपर्यंत गेले, परत आले. शेवटी पलीकडे दार उघडल्याचा, कुणी तरी जांभई देत बोलल्याचा आवाज आला. दादांनी फोन परत दिला. मग त्यांनी प्रश्नांचा सपाटा लावला. पोरं जेवतात कुठे? पाणी किती वाजता येतं? आजारी पडलं की नेतं कोण? पगार वेळेवर देतात का? बारक्याला एकाचंही उत्तर धड देता येईना.

"मुकादम आहे ना त्यांचा," तो म्हणाला.

"मुकादम काय रस्ता सांगतो? दवाखान्यात नेतो?" दादा वैतागून म्हणाले. "बारा पोरं आणून ठेवलीस आणि बघायला कुणी नाही."

वहिनी त्यांच्याकडे बघत होत्या. हा माणूस दोन महिने घरात नव्हता. आता आला होता, आणि आला तो दारातून बाहेर पडायच्याच तयारीने. वहिनींना हायसं वाटलं. आपल्याशिवाय इतक्या सहज जाईल याचं वाईटही वाटलं. त्यांनी कुणालाच ते सांगितलं नाही.

"तुम्ही जा," त्या म्हणाल्या.

"आणि तू?"

"मी सांगितलं ना."

खालून हॉर्न वाजला. टेम्पोवाल्याने मान वर करून विचारलं, "सामान वर न्यायचं की खाली आणायचं, तेवढं एकदा सांगा."

*

मग सामानाची वाटणी झाली. दादांचं काय आणि वहिनींचं काय हे अडतीस वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं. भांडी वहिनींची. कपाट वहिनींचं, माहेरहून आलेलं. पिंप, गाद्या, खुर्च्या सगळं इथेच लागणार. दादांची एक ट्रंक निघाली, अंथरूण निघालं, हत्यारांची पेटी निघाली. गाद्या वर आणून एवढं बारक्याने एकट्याने खाली नेलं. अख्ख्या टेम्पोत ते एका कोपऱ्यात बसलं आणि टेम्पोवाल्याने सवयीने त्यावर पूर्ण ताडपत्री बांधली.

ताई पुतणीला म्हणाल्या, "चल, तुला हॉस्टेलवर सोडते," आणि मग जरा थांबून, "तुझ्या आईला काय सांगू?"

"मी करते तिला फोन, आत्या."

ताई जरा हिरमुसल्या. घराण्यात आपलं काम कमी होत चाललंय हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

दादा जिन्याच्या तोंडाशी थांबले. "तुला एकटीला जमेल?" त्यांनी विचारलं.

"मला एकटं राहायचं नाहीये," वहिनी म्हणाल्या. "मला इथे राहायचंय. ते वेगळं आहे."

"करमणार नाही मला तुझ्याशिवाय."

"मलाही नाही करमणार. फोन करा. ताईंना नाही, मला."

"कधी करू? दुकानात असताना चालेल?"

"दीडला जेवायला सुटते. दीडला करा."

दादांनी मान हलवली. कारखान्यात असताना दीडची वेळ त्यांचीही होती. ते कठड्याला धरून खाली उतरले, टेम्पोत बारक्याच्या शेजारी दाटीवाटीने बसले, आणि टेम्पो गल्लीच्या तोंडाशी जाऊन रिक्षांच्या गर्दीत अडकला. तो तिथून सुटून वळेपर्यंत वहिनी खिडकीत उभ्या होत्या.

घर शांत झालं. खुर्च्या मधेच पडल्या होत्या, कपाट अजून दारात आडवं होतं. वहिनींनी तोंडावर पाणी मारलं. घड्याळ पोत्यात गेलं होतं, म्हणून फोनवरच वेळ पाहिली. बारा वाजायला दहा मिनिटं होती. त्यांनी मालकाला फोन लावला.

"हो," त्या म्हणाल्या. "उद्या किती वाजता येऊ?"

मालकाला बरं वाटलं. चावी, तीन माणसं, मशीन कधी येणार, सगळं त्याने एका दमात सांगितलं. मग त्याला काही तरी आठवलं. "घरी विचारलंत ना सगळ्यांना?"

"नाही," वहिनी म्हणाल्या. "सांगितलं."